ऑस्ट्रेलियातले साप, कोळी, मगरी सगळ्यांना माहिती आहेत. पण जास्त जीव घेतं ते किनाऱ्यावरचं शांत दिसणारं पाणी!

बुटातून बाहेर येणारा तळहाताएवढा कोळी. कमोडमध्ये वेटोळं घालून बसलेला साप. होडीच्या मागे मागे पोहत येणारी मगर. असा रील समोर आला की खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहितंच, "ऑस्ट्रेलियाच असणार!"

आता ही चेष्टा आपल्या घरापर्यंत येऊन पोचली आहे. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनमध्ये मराठी घरं वाढली आहेत. कुणाची मुलगी तिकडे शिकायला गेलीये, कुणाचे आई-बाबा डिसेंबरात नातवंडांकडे निघालेत, कुणी गोल्ड कोस्टला हनिमूनचं बुकिंग केलंय. निघायच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर "जगातला सगळ्यात विषारी देश" असा फॉरवर्ड येऊन पडतो आणि काकू फोन करून बजावतात, "बूट झटकून घालत जा गं बाई!"

काकूंचा सल्ला चुकीचा नाही. पण ज्या एका गोष्टीने तिकडे गेलेल्या भारतीयांचे जीव जातात, तिच्याबद्दल त्या ग्रुपवर कुणीच काही बोलत नाही.

२४ जानेवारी २०२४ ची गोष्ट. मेलबर्नपासून दोनेक तासांवर फिलिप आयलंड नावाचं बेट आहे. छोट्या पेंग्विनसाठी प्रसिद्ध असलेलं हे पर्यटकांचं आवडतं ठिकाण. तिथल्या फॉरेस्ट केव्ह्ज नावाच्या किनाऱ्यावर एकत्र फिरायला आलेले चार भारतीय वंशाचे लोक पाण्यात बुडाले. एक पुरुष आणि तीन महिला. किनारा देखणा, पण तिथे जीवरक्षक नव्हते. शार्क नाही, मगर नाही, जेलीफिश नाही. नुसतं पाणी.

म्हणून आज ऑस्ट्रेलियातल्या भीतीदायक गोष्टींची यादी पुन्हा एकदा नीट तपासूया. कोणाला किती घाबरायचं, कुठे घाबरायचं आणि घाबरून नेमकं काय करायचं?

आधी आकडे बघू: कोण किती जीव घेतं?

ऑस्ट्रेलियात संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूंची नोंद ठेवणारी एक राष्ट्रीय यंत्रणा आहे. तिने २००० ते २०१० या काळात प्राण्यांमुळे झालेल्या मृत्यूंचा हिशोब मांडला. एकूण मृत्यू २५४.

यात पहिला नंबर कुणाचा असेल? सापाचा? शार्कचा?

पहिला नंबर घोड्याचा! घोड्यांमुळे ७७ मृत्यू झाले, बहुतेक घोड्यावरून पडून. दुसरा नंबर गायीगुरांचा, ३३ मृत्यू. त्यानंतर कुत्रे, २७. शार्कमुळे १६ जण गेले, सापांमुळे १४ आणि मगरींमुळे ९. लक्षात घ्या, हे दहा-अकरा वर्षांचे मिळून आकडे आहेत आणि देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे.

म्हणजे हे प्राणी निरुपद्रवी आहेत का? अजिबात नाही. मग इतके कमी लोक कसे मरतात? कारण त्यांच्याशी कसं वागायचं हे तिथल्या लोकांनी आणि सरकारने बऱ्याच वर्षांत शिकून घेतलं आहे. ते काय शिकले, हेच आपल्या कामाचं आहे.

सगळ्यात विषारी साप, आणि मृत्यू शून्य

जमिनीवरच्या सापांमध्ये सर्वात जहाल विष इनलँड तायपान या सापाचं मानलं जातं. उंदरांवर केलेल्या चाचण्यांमध्ये ते सगळ्यात घातक ठरलं. पण या सापाने माणूस मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. तो राहतो क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात, स्वभावाने लाजाळू आहे, आणि तिथे माणसंच नाहीत.

ऑस्ट्रेलियात साप चावून वर्षाला साधारण दोन-तीन लोक मरतात. बहुतेक मृत्यू ईस्टर्न ब्राउन नावाच्या सापामुळे होतात, जो शेतांच्या आणि गावांच्या आसपास राहतो.

आता आपल्याकडे बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वर्षाला सरासरी ५८ हजार! नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपले चार मुख्य विषारी साप. यातल्या कुणाचंही विष तायपानइतकं जहाल नाही.

मग फरक कुठे पडतो? आपल्याकडे माणूस अनवाणी शेतात जातो, रात्री जमिनीवर झोपतो, साप चावला की आधी मांत्रिकाकडे जातो आणि दवाखाना लांब असतो. तिकडे पायात बूट असतात, विषावरचं इंजेक्शन जवळच्या मोठ्या रुग्णालयात असतं आणि प्रथमोपचार शाळेत शिकवले जातात. विष किती जहाल, यापेक्षा साप आणि माणूस किती वेळा समोरासमोर येतात आणि त्यानंतरच्या तासाभरात काय होतं, यावर जीव अवलंबून असतो.

एक महत्त्वाची गोष्ट इथेच सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात साप चावल्यावर पूर्ण हाताला किंवा पायाला रुंद इलॅस्टिक बँडेज घट्ट गुंडाळतात आणि तो अवयव अजिबात हलू देत नाहीत. तिथल्या सापांसाठी ही पद्धत योग्य आहे. पण घोणस आणि फुरसं यांच्या विषाने चावलेल्या जागेचं मांस सडतं, त्यामुळे तिकडचा व्हिडिओ बघून इथे घट्ट आवळून बांधू नका. आपल्याकडे साधा नियम आहे: माणसाला शांत ठेवा, हात-पाय हलू देऊ नका, दोरी बांधू नका, जखम कापू नका, आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

बुटातला कोळी खरा आहे का?

खरा आहे, पण रीलमध्ये दिसणारा तळहाताएवढा केसाळ कोळी बहुतेक वेळा हंट्समन असतो. दिसायला भयंकर, पण माणसाला त्याच्यापासून मोठा धोका नाही. घरातली झुरळं खातो म्हणून काही लोक त्याला हाकलतही नाहीत.

घाबरायचं ते सिडनीच्या आसपास सापडणाऱ्या फनेल-वेबला. काळा, तुकतुकीत आणि हंट्समनपेक्षा बराच लहान. याचा नर जास्त विषारी असतो. उन्हाळ्यात, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर हे नर मादीच्या शोधात बिळाबाहेर पडतात आणि बूट, ओले टॉवेल, स्विमिंग पूल अशा ठिकाणी सापडतात.

गंमत म्हणजे या विषाचा परिणाम माणूस आणि माकडांवर जबरदस्त होतो, पण कुत्र्या-मांजरांवर फारसा होत नाही. या कोळ्यामुळे १३ मृत्यूंची नोंद आहे. १९८१ मध्ये डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांच्या टीमने त्यावर औषध तयार केलं, आणि त्यानंतर फनेल-वेबमुळे एकही मृत्यू झालेला नाही.

हे औषध बनवायला जिवंत कोळ्यांचं विष लागतं. ते मिळवण्यासाठी सिडनीच्या उत्तरेचं एक सर्पोद्यान लोकांना आवाहन करतं, की कोळी सापडला तर मारू नका, बरणीत नीट पकडून आम्हाला आणून द्या. लोक खरंच आणून देतात. तेव्हा बूट झटकून घाला, काकूंचं ऐका. आणि बाकी निश्चिंत राहा.

मगर: इथे मात्र चेष्टा नाही

खाऱ्या पाण्यातली मगर हा जगातला सर्वात मोठा सरपटणारा प्राणी. नर पाच मीटरच्या पुढे वाढू शकतो. तिथले लोक तिला लाडाने 'सॉल्टी' म्हणतात, पण तिच्याशी लाडीगोडी करत नाहीत.

नावावर जाऊ नका. ही मगर समुद्रात, खाडीत, नदीत आणि किनाऱ्यापासून दूरच्या गोड्या पाण्यातही राहते. कातड्यासाठी इतकी शिकार झाली की ती संपायला आली होती. नॉर्दर्न टेरिटरीमध्ये १९७१ ला आणि क्वीन्सलँडमध्ये १९७४ ला तिला संरक्षण मिळालं. त्या वेळी नॉर्दर्न टेरिटरीत अवघ्या काही हजार मगरी उरल्या होत्या. आज तिथे ही संख्या एक लाखाच्या आसपास मानली जाते.

चांगली बातमी अशी, की सिडनी, मेलबर्न आणि गोल्ड कोस्टला या मगरी नाहीत. त्या उत्तरेला आहेत. क्वीन्सलँडमध्ये साधारण ग्लॅडस्टनपासून वर केर्न्सपर्यंत आणि त्याच्याही पुढे, तसंच डार्विन आणि काकाडूच्या भागात.

मगर हल्ला करते ती पाण्याच्या काठावर. पाण्याखाली ती बराच वेळ न हलता थांबू शकते आणि तुम्ही रोज एकाच जागी येता का, हे बघत राहते. म्हणून तिथलं सरकार सांगतं: उत्तरेकडे पाण्याच्या काठापासून किमान ५ मीटर लांब उभे राहा, तंबू किमान ५० मीटर लांब लावा, मासे साफ करून उरलेलं काठावर टाकू नका, आणि रोज त्याच जागी पाण्याजवळ जाऊ नका. बोर्ड दिसत नाही म्हणजे मगर नाही, असा अर्थ काढू नका. काठावर पाण्याकडे पाठ करून सेल्फी घेणं तर सोडूनच द्या.

डॉक्टरने स्वतःला डंख करून घेतला तेव्हा

क्वीन्सलँडच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे हा जेलीफिशचा हंगाम असतो. नेमका आपल्याकडच्या नाताळच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांचा काळ!

इथल्या बॉक्स जेलीफिशचं शरीर जवळजवळ पारदर्शक असतं. खाली साठपर्यंत तंतू असतात आणि ते तीन मीटरपर्यंत लांब होतात. या तंतूंवर विषाच्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात. अंगाला मोठा विळखा बसला तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. ऑस्ट्रेलियात १८८० च्या दशकापासून आजवर सत्तरच्या आसपास मृत्यूंची नोंद आहे.

दुसरी जेलीफिश त्याहून फसवी. केर्न्सच्या आसपास लोक पाण्यातून बाहेर यायचे, अंगावर खास खूण नसायची, आणि अर्ध्या तासाने कंबर आणि पोट फुटून जाईल अशा वेदना, उलट्या, घाम आणि "मी आता मरणार" अशी प्रचंड भीती सुरू व्हायची. हे कशामुळे होतं हेच कळत नव्हतं. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांनी १९५२ मध्ये त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या नावावरून या आजाराला इरुकांजी हे नाव दिलं.

केर्न्सचे डॉ. जॅक बार्न्स याच्या मागे लागले. १९६१ मध्ये त्यांना पाण्यात नखाएवढी एक जेलीफिश सापडली. हीच ती असणार, हे सिद्ध करायचं कसं? त्यांनी तिचा डंख स्वतःला करून घेतला, आपल्या ९ वर्षांच्या मुलाला दिला आणि एका तरुण जीवरक्षकालाही. थोड्याच वेळात तिघंही रुग्णालयात! तिघंही वाचले, आणि त्या जेलीफिशला पुढे बार्न्स यांचंच नाव मिळालं. आज असा प्रयोग करणाऱ्या डॉक्टरवर गुन्हा दाखल होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता उपाय बघा किती साधे आहेत. हंगामात अंगभर लायक्राचा सूट घालायचा. जाळी लावलेल्या भागातच पोहायचं. आणि डंख झालाच तर त्यावर व्हिनेगर ओतायचं, कारण न फुटलेल्या विषाच्या कुप्या त्याने बंद पडतात. उत्तरेच्या किनाऱ्यांवर यासाठी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावून ठेवलेल्या असतात. माणूस बेशुद्ध पडला, श्वास थांबला तर लगेच सीपीआर सुरू करायचं.

हा व्हिनेगरचा उपाय मात्र सगळ्या जेलीफिशला चालत नाही. पावसाळ्यात जुहू आणि गिरगाव चौपाटीवर निळे फुगे वाहून येतात ना, त्या ब्लूबॉटलच्या डंखावर ऑस्ट्रेलियात सोसेल इतकं गरम पाणी वापरतात.

आणि एक नियम मुलांना आवर्जून सांगा. किनाऱ्यावरच्या खडकांत अंगावर निळी कडी चमकणारा छोटासा ऑक्टोपस दिसला, सुंदर नक्षीचा शंख दिसला, तर उचलायचा नाही. त्या ब्लू-रिंग्ड ऑक्टोपसच्या विषावर औषध नाही, आणि शंखातले काही जिवंत गोगलगायीसारखे प्राणी विषारी डंख मारतात.

चक्रीवादळ, वणवा आणि ऊन

प्राणी झाले, आता निसर्ग. २४ डिसेंबर १९७४ च्या रात्री, लोक ख्रिसमसच्या तयारीत असताना, ट्रेसी नावाचं चक्रीवादळ डार्विन शहरावर आदळलं. विमानतळावरचं वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून बंद पडलं. ६६ जण गेले. शहरातली बहुतेक घरं पडली आणि सुमारे ४७ हजार लोकांपैकी ३५ हजारांहून अधिक जणांना शहराबाहेर हलवावं लागलं.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाने घरं बांधायचे नियमच बदलले. फेब्रुवारी २०११ मध्ये यासी नावाचं पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीचं चक्रीवादळ क्वीन्सलँडच्या मिशन बीचजवळ धडकलं. मृत्यू झाला एक, तोही बंद खोलीत लावलेल्या जनरेटरच्या धुराने गुदमरून. इशारा वेळेवर मिळाला आणि लोकांनी तो ऐकला, तर एवढा फरक पडतो.

वणव्यांबद्दल आपण बातम्यांत बघतो. ७ फेब्रुवारी २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'ला व्हिक्टोरिया राज्यात १७३ जण गेले. पण त्याआधीच्या आठवड्यात जी उष्णतेची लाट आली, तिच्यात त्याच राज्यात नेहमीपेक्षा ३७४ मृत्यू जास्त झाले, हे फार कमी लोकांना माहिती आहे. वणव्याचे फोटो येतात. उन्हाने घरात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो येत नाही. ब्लॅक सॅटर्डेला मेलबर्नचा पारा ४६.४ अंशांवर होता. नागपूर-चंद्रपूरकरांना हा आकडा नवीन नसेल, पण नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनी तिकडचं ऊन "विदेशातलं" म्हणून हलक्यात घेऊ नये.

आणि आता खरा खलनायक: रिप करंट

२०१३ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या रॉब ब्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियात सरासरी वर्षाला कशामुळे किती मृत्यू होतात, याची त्यांनी तुलना केली. चक्रीवादळं ७.५, वणवे ५.९, पूर ४.३, शार्क १. या चौघांची बेरीज होते १८.७.

आणि एकट्या रिप करंटमुळे? २१.

कोकणातले लोक "पाण्याला ओढ आहे" म्हणतात. त्या ओढीचा हा एक प्रकार. तो होतो कसा, ते समजून घ्या.

लाटा एकामागून एक किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. हे पाणी परत समुद्रात जायला हवं. किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात आणि मधे मधे खोलगट चर. परत जाणारं पाणी सोपी वाट शोधतं आणि त्या चरातून जोरात बाहेर पळतं. दादरच्या पुलावर चारी जिन्यांनी चढलेली गर्दी एकाच अरुंद जिन्याने उतरायला लागली की कशी ढकलत नेते, तसंच.

आता यातला सापळा बघा. लाट फुटते ती उथळ पाण्यात. चर खोल असतो, म्हणून तिथे लाटा कमी फुटतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसतो. पोहता न येणारा माणूस, लेकरांना घेऊन आलेलं कुटुंब कुठली जागा निवडेल? साहजिकच ती शांत जागा. सगळ्यात सुरक्षित दिसणारी जागा सगळ्यात धोक्याची असते, ती अशी.

सिडनीच्या जगप्रसिद्ध बाँडाय किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला अशीच एक कायमची ओढ आहे. पर्यटक बसमधून उतरून सरळ तिच्यातच शिरतात, म्हणून तिचं नावच 'बॅकपॅकर्स रिप' पडलं आहे. याच बाँडायला ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोकांना आत ओढलं होतं. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या स्वयंसेवी जीवरक्षकांनी सुमारे २५० जणांना ओढून बाहेर काढलं. पाच जण गेले.

समुद्र पद आणि अनुभव बघत नाही. १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट चेव्हियट बीचवर पोहायला गेले आणि परत आलेच नाहीत. त्यांचा मृतदेहही सापडला नाही. ते चांगले पोहणारे होते आणि तो किनारा त्यांच्या ओळखीचा होता.

ओढीत सापडलात तर?

पहिली गोष्ट, रिप करंट माणसाला खाली खेचत नाही. आत, समुद्राकडे नेतो. माणूस बुडतो तो घाबरून, किनाऱ्याच्या दिशेने उलटं पोहून दमल्यामुळे. जोरदार ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेगाने जाऊ शकते. ऑलिम्पिकचा जलतरणपटू साधारण याच वेगाने पोहतो, तोही मिनिटभर. आपण जिंकण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून:

• प्रवाहाशी भांडू नका. पाठीवर तरंगा, श्वास सावरा.
• एक हात वर करा, मदतीसाठी ओरडा.
• पोहता येत असेल आणि ताकद असेल, तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटून पांढरा फेस दिसतोय त्या बाजूला सरका. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटा तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात.
• दुसरं कुणी बुडत असेल तर रिकाम्या हाताने उडी मारू नका. वाचवायला गेलेला भाऊ, नवरा, मित्र बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. आधी जीवरक्षकाला हाक मारा, तिकडे ०००, इकडे ११२ लावा. तरंगणारं काहीही, रबरी ट्यूब, बंद रिकामा कॅन, थर्मोकोलचा डबा, त्याच्याकडे फेका.

आणि या सगळ्याची वेळच येऊ नये म्हणून एकच नियम: लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहा. जीवरक्षक रोज सकाळी पाणी बघून सुरक्षित पट्टा ठरवतात आणि त्याच्या दोन टोकांना हे झेंडे रोवतात. पाण्याचा रंग बदलला की झेंड्यांची जागाही बदलते. झेंडे नाहीत म्हणजे कुणी लक्ष ठेवत नाही. मग घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. किनाऱ्यावर भेळ खा, फोटो काढा, सूर्यास्त बघा.

आपले लोक जास्त का बुडतात?

अलीकडच्या वर्षांत ऑस्ट्रेलियात बुडून मरणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एक जण परदेशात जन्मलेला असतो, आणि भारतात जन्मलेल्यांचा नंबर त्यात वरचा आहे.

यात आपल्या अक्कलेचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. ऑस्ट्रेलियन मूल शाळेत असतानाच पोहायला आणि झेंडे ओळखायला शिकतं. आपल्यातल्या बहुतेकांचं बालपण पाण्याजवळ गेलं तरी पोहणं कुणी शिकवलेलं नसतं, मुलींना तर फारच कमी. ज्यांना येतं त्यांना विहिरीत किंवा तलावात येतं, जिथे पाणी एका जागी उभं असतं. शिवाय आपण जातो गटाने. एक जण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला की बाकीचे येतात, जीन्स-सलवारीसकट. वाळूच्या उंचवट्यावर कमरेएवढं पाणी असतं, आणि दोन पावलं बाजूला तोच खोल चर.

आणि हे फक्त ऑस्ट्रेलियापुरतं नाही. रिप करंटला व्हिसा लागत नाही, तो गोव्यातही आहे आणि कोकणातही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, ते आपण विसरलेलो नाही. गोव्यात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात आणि तेही असेच लाल-पिवळे झेंडे लावतात. कोकणातल्या सगळ्या किनाऱ्यांवर मात्र ही सोय नाही. तिथे आपले झेंडे म्हणजे तिथले कोळी बांधव आणि किनाऱ्यावरचे दुकानदार. "दादा, इथे पाण्याला ओढ कुठे आहे?" एवढं विचारायला पैसे लागत नाहीत. आणि ते "आज पाण्यात जाऊ नका" म्हणाले, तर वाद घालू नका.

तेव्हा पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर ऑस्ट्रेलियातल्या कोळ्याचा व्हिडिओ आला, तर बघा, घाबरा, हसा. आणि त्याच्याखाली एक ओळ टाका: "लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा, आणि लाटांच्या मधे शांत पट्टा दिसला तर तिकडे जाऊ नका." तिकडे निघालेल्या आई-बाबांनाही हे फोनवर एकदा सांगा. बूट झटकायची आठवण काकू करून देतीलच.